कोणतं उपकेंद्र?

"आरोग्याविषयी आपली भूमिका काय?" असं मी एका उमेदवाराला विचारलं, तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "देवाच्या कृपेनं एकदम ठणठणीत. रोज सकाळी फुटाळा तलावावर चालतो." मी ते तसंच लिहून घेतलं. शेजारी बसलेले आमचे वानखेडे खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

माझी सगळी नोकरी एका दैनिकाच्या संदर्भ विभागात झाली. संदर्भ विभाग म्हणजे वर्तमानपत्रातली अशी खोली, जिथे कात्री, डिंक आणि धूळ असते आणि मथळा सुचत नसला की संपादक चहा प्यायला येतात. निवृत्त झाल्यावर मी घरातली कपाटं आवरायला घेतली. कपाटं संपल्यावर मिस्टरांच्या औषधांच्या पट्ट्या आकारमानानुसार लावल्या. त्या दिवशी ते म्हणाले, "तू बाहेर काहीतरी काम बघ बाई, माझी सकाळची गोळी सापडत नाहीये."

काम चालून आलं. नागपुरात आम्ही काही निवृत्त मंडळी मिळून एक मतदार मंच चालवतो. विधानसभेची निवडणूक आली की मतदारसंघातल्या प्रमुख उमेदवारांबद्दल आम्ही एक पत्रक काढतो. कोणाला मत द्या हे त्यात नसतं. रस्ते, पाणी, शाळा, आरोग्य या विषयांत या माणसानं आजवर काय विचारलं, काय केलं, काय बोलला, एवढंच सरकारी नोंदी पाहून लिहायचं. विषय वाटताना रस्ते आणि पाण्यावर उड्या पडल्या. आरोग्य कोणालाच नको होतं, म्हणून ते नवीन आलेल्या माझ्या गळ्यात पडलं, आणि तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे.

हे काम कसं चालतं ते थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं की आम्ही उमेदवारांची भाषणं ऐकत फिरतो. भाषण आम्ही धरतच नाही. भाषणात सगळेच जण गरिबांसाठी मोफत उपचार आणि घराजवळ दवाखाना देतात. निवडणूक अर्जाबरोबरच्या शपथपत्राचाही मला उपयोग नाही. त्यात दागिने आणि गुन्हे सापडतात, मत सापडत नाही. उमेदवार आधी आमदार राहिलेला असेल तर त्यानं विधानसभेत कोणते प्रश्न विचारले, आमदार निधी कुठे दिला, हे पाहायचं. जिल्हा परिषदेत असेल तर तिथल्या सभांची इतिवृत्तं मागवायची. अगदीच नवा असेल तर त्यानं कोणत्या कार्यालयात कधी निवेदन दिलं का, हे शोधायचं. लागेल तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. वानखेडे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. कोणता कागद कोणत्या मजल्यावर आणि कोणाच्या टेबलाखाली असेल हे त्यांना पाठ आहे.

विधानसभेच्या कामकाजाची पानं आता संगणकावर मिळतात. मिळतात म्हणजे त्यांचे फोटो मिळतात. एखादा शब्द टाकून शोधायला जावं तर संगणकाला ती पानं वाचताच येत नाहीत, मग एकेक पान आपणच उलटायचं. काही पानं आडवी टिपलेली असतात. ती वाचताना मी मान आडवी करते. या कामाचा मोबदला म्हणून मला आजवर एक मानेचा पट्टा मिळालेला आहे.

माणसं मात्र एकेक मासलेवाईक भेटली. एका माजी आमदारांनी आरोग्यकार्याचा पुरावा म्हणून रक्तदान शिबिरांच्या फोटोंचा जाडजूड अल्बम पाठवला. पाहते तर दर शिबिरात खाटेवर तोच एक माणूस पडलेला. शर्ट तेवढा बदललेला. हा कोण, म्हणून फोन केला. "तो आपला ड्रायव्हर आहे जी. तो कधी नाही म्हणत नाही." ड्रायव्हरची आरोग्यविषयक भूमिका मला नीट कळली, साहेबांची शेवटपर्यंत कळली नाही.

दुसऱ्या एकांनी आमदार निधीतून एका गावाला रुग्णवाहिका दिलेली होती. नोंद खरी, पावती खरी. गावात जाऊन पाहिलं तर गाडी ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये उभी, आणि आत कोंबडी अंडी घालून बसलेली. निधीतून गाडी घेता येते, ड्रायव्हरचा पगार देता येत नाही. आम्ही छापलं, 'रुग्णवाहिका दिली. चालक नाही.' त्यांचा फोन आला. "मॅडम, पहिलं वाक्य चांगलं आहे. दुसरं काहून लिहिलं?" मी म्हटलं, दुसरं पण खरंच आहे. ते म्हणाले, "खरं तर लय काही असते."

तर आता भाऊंची गोष्ट सांगते.

भाऊ म्हणजे एक माजी आमदार. खरं नाव लिहीत नाही, मतदारसंघात सगळे त्यांना भाऊच म्हणतात. एकदा निवडून आले, पुढच्या वेळी पडले आणि मागच्या निवडणुकीत पुन्हा उभे राहिले. त्यांची पानं चाळायला घेतली तेव्हा आरोग्याच्या नावानं शुकशुकाट होता. मी रकाना कोरा सोडायच्या तयारीत होते, तेवढ्यात वानखेडेंना प्रश्नांच्या सूचीत एक ओळ सापडली. कोराडीच्या वीजनिर्मिती प्रकल्पापुढे, त्याच्या राखेच्या तलावापलीकडे एक गाव आहे. त्या गावाचं नाव आणि पुढे शब्द होते, 'येथील उपकेंद्र तातडीने सुरू करण्याबाबत.' विचारणारे भाऊ.

"सापडलं पहा मॅडम," वानखेडे खूश झाले. "आरोग्य उपकेंद्र. म्हणजे गावातला सगळ्यात लहान सरकारी दवाखाना. आणि यासाठी गावानं त्यांचा सत्कार केला होता, मले चांगलं आठवते. शाल, श्रीफळ, बँड, सगळं." त्यांनी त्याच बैठकीत कच्च्या पत्रकात ओळ टाकून दिली.

पत्रक छापण्याआधी आम्ही जागेवर जाऊन पाहतो. म्हणून मी मेट्रोनं शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले आणि तिथून बस धरली. रस्त्यावर कोळशाचे ट्रक एकामागे एक चाललेले. झाडांच्या पानांवर राख बसलेली. गावात शिरताना तारेच्या कुंपणात विजेचे मोठे ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होते. पुढे, शाळेच्या अंगाला, पिवळ्या रंगाची एक छान बैठी इमारत होती. वर 'आरोग्य उपकेंद्र' असं लिहिलेलं. दाराला कुलूप, आणि व्हरांड्यात कोणीतरी तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या.

शेंगा उलटत बसलेली बाई म्हणजे शोभाबाई. गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. बांध्यानं मजबूत, पन्नाशीची, बोलणं थेट. मी कोण, कशाला आले, हे सांगितल्यावर तिनं आधी मला घरी नेऊन चहा पाजला. घरात खाटेवर तिचे यजमान महादेवराव बसलेले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडे पाहून त्यांनी डावा हात कपाळाला लावला.

"कोळशाच्या ट्रकवर होते हे," शोभाबाई सांगू लागली. "बीपी होतं. गोळ्या आणाच्या म्हणजे तिकडं मोठ्या दवाखान्यात लाइन लावा लागे. एक खेप बुडे. मंग हे म्हणत, या हप्त्यात राहू दे, पुढच्या हप्त्यात आणू. एक दिवस सकाळी चप्पल घालाले वाकले आन् तिथंच पडले. अंगावरून वारं गेलं. तवा हा दवाखाना बांधून झाला होता बाई. कुलूपबी असंच होतं. आत नर्सबाई असती तर पट्टा बांधून सांगतलं असतं ना, का बीपी वाढून राहिलं म्हणून."

डॉक्टरांनी आता बजावलं होतं की दर आठवड्याला बीपी मोजा, गोळी एक दिवस चुकवू नका, दुसरा झटका आला तर आमच्या हातात काही नाही. अशा माणसाला दर आठवड्याला बसमध्ये चढवायचं म्हणजे दोन माणसं लागतात. शोभाबाईचे दोन्ही मुलगे बाहेरगावी कामाला. आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या कुलूपबंद दाराकडे ती कशी बघत असेल, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

"पण आता होईन," ती म्हणाली. "भाऊ पुन्हा उभे आहेत. त्याहीनं आमच्या उपकेंद्राचं तिकडं विधानसभेत विचारलं होतं. पेपरातबी आलं होतं. ते पडले म्हणून अर्ध्यात राहिलं. आम्ही सगळ्या बायांनी ठरवलं, या वेळी मत त्यालेच."

परत आल्यावर मी तो प्रश्न मुळातून काढला. सूचीतली ओळ पुरेशी नसते, प्रश्न आणि उत्तर दोन्ही वाचायची, आणि सगळ्यात आधी उत्तर कोणी दिलं ते पाहायचं. मंत्री कोण ते कळलं की विषय आपोआप कळतो. ते पान नेमकं आडवं होतं. मान आडवी केली. उत्तर ऊर्जामंत्र्यांनी दिलेलं होतं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. क्षमता, वाहिन्या, कमी दाबाचा वीजपुरवठा. भाऊंनी विचारलेलं उपकेंद्र विजेचं होतं. तेच, तारेच्या कुंपणातलं गुणगुणणारं.

सरकारी मराठीत दोन्ही उपकेंद्रंच. गावात मात्र विजेच्या जागेला लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे सबस्टेशन म्हणतात. उपकेंद्र हा शब्द तिथे एकाच पाटीवर लिहिलेला आहे, पिवळ्या इमारतीवर. पेपरात 'गावाच्या उपकेंद्राचा प्रश्न विधानसभेत' असं छापून आलं तेव्हा बायांनी आपल्या दवाखान्याचंच वाचलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच वाचलं असतं. ते कात्रण पुढे मी माझ्याच जुन्या विभागातून काढून पाहिलं. आमच्या बातमीदारानं 'वीज' हा दोन अक्षरांचा शब्द जागा नाही म्हणून मथळ्यातून गाळलेला होता.

आमचा आणखी एक नियम असा, की विरोधात जाणारी गोष्ट छापण्याआधी उमेदवाराला विचारायचं. वानखेडेंना बरोबर घेऊन भाऊंच्या प्रचार कार्यालयात गेले. बाहेर झेंड्यांचे गठ्ठे, आत मोठ्या पातेल्यात मसालेभात. भाऊ स्वभावानं मोकळे. मी पान समोर ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि कार्यकर्त्यांना बाहेर जायला सांगितलं.

"मॅडम, मी कधी दवाखाना म्हटलं नाही," ते म्हणाले. "मी उपकेंद्रच म्हटलं."

"ते मी वाचलंय भाऊ. पण सत्कार?"

ते जरा ओशाळले. "सांगतो. त्या वेळी गावात लाइट चांगली येऊन राहिली होती. विहिरीवरच्या मोटारी चालू लागल्या होत्या. मले वाटलं, त्याचाच सत्कार आहे. शाल घातली, नारळ दिला, आन् मंग बाया भाषणं करू लागल्या तर सगळं दवाखाना, दवाखाना. मी बाजूच्या माणसाले विचारलं, काय हो, कोणता दवाखाना? तवा उमगलं. आता तुम्हीच सांगा, शाल अंगावर असताना मी माइकवर काय म्हणू, का हे माझं नाही?"

मला हसू आलं हे खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळी खाटेवरचे महादेवराव डोळ्यांसमोर होते, त्यामुळे रागही आला. मी म्हटलं, "त्या दिवशी नाही म्हणता आलं, ठीक. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्र्यांना एक प्रश्न विचारता आला असता. शाल खरी झाली असती."

"विसरलो," भाऊ म्हणाले. अगदी साधेपणानं म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक काम करा. ती ओळ काढा. कोरं ठेवा, काही लिहूच नका. मी निवडून आलो का पहिलं काम तेच करतो, शब्द देतो. ते छापून आलं तर त्या पट्ट्यातली मतं जातात. मी पडलो तर त्या दवाखान्याचं कोण विचारते? बाकीचे दोघं? त्याहीले ते गाव कुठं आहे तेबी माहीत नाही."

हे खरं होतं. बाकी दोघांची पानं मीच तपासली होती. आरोग्याचा शब्द त्यांच्याही नावावर नव्हता.

आम्ही परत निघालो. सीताबर्डीला उतरून एका टपरीवर चहा घेतला. तिथे वानखेडे म्हणाले, "काढून टाकू मॅडम. एक रकाना कोरा गेला तर आपलं काय बिघडते? गावाले नर्स मिळन. नियम काय चाटाचा आहे?"

मी चहाचे पैसे दिले. इतकी वर्षं नोंदींत नाक खुपसून बसले, पण एखादी नोंद छापल्यानं कोणाची गोळी चुकेल असा प्रसंग कधी आला नव्हता. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापतात. इथे दुसऱ्या दिवशी काय छापणार? छापलं तर भाऊ पडतील, न छापलं तर बाया चुकीच्या माहितीवर मत देतील आणि ती चूक मला माहीत असेल. मला दोन्ही नको होतं. शेवटी मी एवढंच ठरवलं, की ज्यांच्या दवाखान्याचा हा मामला आहे त्यांना पत्रकाआधी कळायला हवं. मग तोंडावर शिव्या बसल्या तरी चालतील.

पुन्हा बस धरली. शाळेसमोरच्या झाडाखाली बचत गटाच्या बाया जमल्या होत्या. मी ते पान उघडून सगळं सांगितलं. कोणतं उपकेंद्र, कोणाचं उत्तर, सगळं.  एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "म्हणजे आपण सबस्टेशनसाठी शाल दिली का वं?" दोघीतिघी हसल्या. शोभाबाई हसली नाही.

"मंग आमच्या दवाखान्याचं तिथं कोणी विचारलं?" तिनं मला विचारलं.

"कोणीच नाही."

"भाऊनं नाही. त्याच्या नंतर जो आला त्यानं?"

"त्यांनीही नाही. मी सगळं पाहिलं."

"एकदाबी नाही?"

"नाही शोभाबाई."

ती पदर तोंडाशी धरून बसली. भाऊंचा खोटेपणा तिला फारसा लागलेला दिसला नाही. पुढाऱ्यांकडून तिची तेवढी अपेक्षाच नसावी. आपण घरात बसून इतके दिवस ज्याची वाट पाहत होतो त्याची तिकडे कोणी सुरुवातच केलेली नव्हती, हे तिला लागलं. मी स्वतःलाच म्हटलं, बाई, उगाच आलीस. निदान आशा तरी होती त्यांना.

मग तिनं विचारलं, "हे तुमच्या कागदात छापून येईन?"

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. नियमात हे बसत नव्हतं, पण म्हटलं.

"छापा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात छापा."

लकडगंजच्या छापखान्यातून पत्रकं आली. भाऊंच्या नावापुढे आरोग्याच्या रकान्यात होतं, 'विधानसभेत नोंद आढळली नाही. या गावाच्या उपकेंद्राचा प्रश्न वीज उपकेंद्राविषयी होता.' बाकी दोघांपुढेही पहिलं वाक्य तेच. भाऊंनी मला फोन केला नाही. त्यांच्या माणसानं केला, आणि तो जे बोलला ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

त्यानंतर भाऊ प्रचाराला त्या गावात गेले. जावंच लागलं, न जाऊन सांगतात कोणाला. वानखेडे मुद्दाम पाहायला गेले होते. शोभाबाईनं म्हणे गर्दीतून पुढे येऊन पत्रक भाऊंच्या हातात दिलं आणि ती म्हणाली, "वाचा भाऊ. मोठ्यानं वाचा." माइक चालू होता. भाऊंनी वाचलं.  कार्यकर्ते बँडवाल्यांना खुणा करू लागले. तेव्हा शोभाबाई म्हणाली, "शाल आधीच देऊन झाली आहे भाऊ. काम तेवढं राहिलं."

आणि मतदान झाल्यावर मी फोन केला तेव्हा तिनं सांगितलं की बायांनी मतं भाऊंनाच दिली. मी चाट पडले. म्हटलं, "अहो, मग माझ्या पत्रकाचा उपयोग काय झाला?"

"उपयोग झाला ना बाई," ती म्हणाली. "दुसऱ्या दोघाहीले आमची वळखबी नाही आन् लाजबी नाही. याले आता चारचौघात लाज आली आहे. लाज आलेला माणूस बरा पडते कामाले."

चाळीस वर्षं संपादकांच्या हाताखाली काढली, पण मतदानाचा असा विचार मला कोणी ऐकवला नव्हता. भाऊ निवडून आले. त्या गावाच्या मतांनी आले असं मी म्हणणार नाही, पण आले.

नंतरच्या एका अधिवेशनात त्यांनी प्रश्न दिला. या वेळी गावाचं नाव, पुढे 'आरोग्य उपकेंद्र' असे दोन्ही शब्द पूर्ण लिहिलेले, आणि उत्तर द्यायचं होतं आरोग्यमंत्र्यांना. प्रश्न लागला की खात्याची एकदम धावपळ उडते, कारण 'कुलूप आहे' असं लेखी उत्तर द्यायला कोणाला आवडत नाही. उत्तराची तारीख यायच्या आधीच नर्सबाईंची नेमणूक झाली. वानखेडेंनी पेढे वाटले. मीही घेतला, शुगर असून घेतला.

उत्तर छापील स्वरूपात हाती आलं तेव्हा मला राहवेना. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांच्या नोंदी शोधल्या, ही पहिली नोंद जिला आपला हात लागला होता. कागद पिशवीत घालून मी गाव गाठलं.

पिवळ्या इमारतीचं दार उघडं होतं. आत फिनेलचा वास. नर्सबाई तरुण, चटपटीत. समोर खुर्चीवर महादेवराव, शेजारी शोभाबाई उभी. नर्सबाई त्यांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधत होत्या.

"काय आणलं बाई?" शोभाबाईनं विचारलं.

"तुमच्या दवाखान्याचं उत्तर. वाचून दाखवते."

विधानसभेतल्या प्रश्नांची एक ठरलेली भाषा असते. परिस्थिती मांडायची आणि शेवटी विचारायचं, हे खरे आहे काय? सरकार त्यावर खरे आहे, खरे नाही किंवा अंशतः खरे आहे, असं उत्तर देतं. मी हे तिला समजावून सांगितलं आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. माझा आवाज जरा चढलेलाच होता. सदर गावातील आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून पूर्ण झाली असूनही परिचारिका नसल्याने ती दीर्घकाळ बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? त्यामुळे रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांची गैरसोय झाली, हे खरे आहे काय?

"आन् सरकारनं काय सांगतलं?"

"हे खरे आहे," मी वाचलं. "दोन्हीला. हे खरे आहे."

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. नर्सबाई पट्ट्यात हवा भरत होत्या, त्यांनी महादेवरावांना बोलू नका म्हणून खूण केली. ते तसेही बोलत नव्हते. शोभाबाईनं कागद माझ्या हातातून घेतला. त्या ओळीवर बोट ठेवून तिनं ती स्वतः एकदा वाचली, अक्षर अक्षर लावत. मग नवऱ्याच्या मांडीवर पडलेला उजवा हात तिनं उचलून नीट ठेवला.

"म्हणजे त्याहीले माहीत होतं," ती म्हणाली.